पाणकराचे चार वाटे

म्हातारपण सुखाचं कसं करावं, हे मला चार साहेबांनी शिकवलं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि त्या चौघांतल्या सगळ्यांत मोठ्या साहेबाच्या मिशीत एकही पांढरा केस नव्हता. म्हणजे म्हातारपणाचा अनुभव आमच्यापैकी एकालाही नव्हता, आणि त्यापायी कुणाचं काही अडलंही नाही. आता मी स्वतः त्या वयाला पोचलोय. दर महिन्याला कुणीतरी येऊन मी काय खावं, किती चालावं, कसं हसत राहावं ते सांगून जातं. मी ऐकून घेतो, चहा पाजतो, आणि ते गेल्यावर मनातल्या मनात एका म्हाताऱ्याची माफी मागतो. ही त्याचीच हकिकत आहे.

साल सांगत नाही; पन्नासचं दशक निम्मं सरलं होतं एवढं पुरे. जिल्ह्याचं नाव तेव्हा चांदा, आणि गडचिरोली ही त्यातली एक तहसील. चामोर्शीहून बैलगाडीनं अर्धा दिवस गेलं की ते गाव लागायचं. एका अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे पाणी धरणारी शेतं, दुसऱ्या अंगाला सरकारी जंगल. मी गोंडपिपरीकडचा, इथल्या शाळेचा एकुलता एक मास्तर, आणि गावात धड लिहिता येणारा जवळजवळ एकटाच. त्यामुळे माझ्या डोक्यात बरीच हवा भरली होती, ते आता लपवून काय फायदा.

गावाचा जीव तलावात होता. पाऊस संपता संपता धान पोटरीत येतं, म्हणजे पोटात लोंबी धरतं, नेमकं तेव्हाच त्याला पाणी लागतं, आणि ते तलावातूनच मिळतं. ते कुणाच्या बांधीत कधी सोडायचं हे ठरवणाऱ्या माणसाला पाणकर म्हणत. आमच्या गावची पद्धत अशी, की ज्याची बांधी तलावापासून सगळ्यांत लांब, पाटाच्या पार शेवटाला, तोच पाणकर. आपल्या बांधीत पाणी बघायचं असेल तर त्याला वाटेतल्या प्रत्येकाची बांधी भिजवून, पण एकालाही जास्तीचं न घेऊ देता, पाणी शेवटपर्यंत न्यावंच लागायचं. ही पद्धत कुण्या विद्वानानं काढली नव्हती, म्हणूनच बहुधा ती सुरळीत चालली होती.

आमचा पाणकर म्हातारा होता. सगळं गाव त्याला भाऊ म्हणायचं, मीही म्हणायचो. अंगानं बारीक, काळा, गुडघ्याच्या वर धोतर, खांद्यावर फावडं. तलावाच्या बांधाला तिकडे पाळ म्हणतात. त्या पाळीवरून सकाळी एक फेरी, सांजेला दुसरी. पाट कुठं फुटला तर नुसत्या आवाजावरून त्याला कळायचं. बांधीतली माती दोन बोटांत चोळून तो सांगायचा, हिला परवापर्यंत दम आहे, आधी पुढचीला सोड. एकदा पोलीस पाटलाच्या गड्यानं पाटाला चोरून भोक पाडलं. भाऊ थेट पाटलाच्या घरात शिरला आणि पाटील जेवत असताना त्याला असं काही सुनावलं, की पाटील ताटावरून उठला आणि स्वतः जाऊन ते भोक बुजवून आला.

असा हा म्हातारा पौष महिन्यात, धान घरात आल्यावर, शास्त्राच्या तावडीत सापडला.

जीपमधून चौघं उतरले. एक डॉक्टर, एक आहारशास्त्राच्या बाई, एक मानसशास्त्रवाले आणि एक समाजशास्त्रवाले. जंगलाकडची म्हातारी माणसं एवढी धडधाकट कशी, आणि त्यांचं म्हातारपण आणखी सुखाचं कसं करता येईल, याचा चौघं मिळून अभ्यास करणार होते. आता अशाला आंतरविद्याशाखीय संशोधन म्हणतात म्हणे. आम्ही 'चार साहेबांची जीप' म्हणायचो. बाईही साहेबांतच मोजल्या जायच्या. त्यांची मराठी पुस्तकातली, गावाची झाडीपट्टीची, आणि मधे मी दुभाषा. मला बसायला त्यांच्या रांगेत खुर्ची मिळाली. शिवाय डॉक्टर म्हणाले की काम नीट झालं तर माझ्या चांद्याच्या बदलीसाठी ते वर शब्द टाकतील. मग काय, मी मान ताठ करून खुर्चीत असा बसलो, जसं काही मीच पाचवं शास्त्र.

शाळेच्या पडवीत म्हाताऱ्यांना ओळीनं बसवलं आणि पहिला भाऊ. त्याचे सरळ चार वाटे झाले. अंग डॉक्टरांना गेलं, पोट बाईंना गेलं, मन मानसशास्त्रवाल्यांनी उचललं, आणि उरलेला मुलगा-सून-नातवंडांचा पसारा समाजशास्त्रवाल्यांच्या वाट्याला आला. आख्खा म्हातारा कुणीच घेतला नाही. त्याचं वय विचारलं तर तो म्हणाला, तलाव फुटला त्या साली मी म्हशी राखत होतो. डॉक्टरांनी त्याचे दात बघून वय काढलं, समाजशास्त्रवाल्यांनी मुलाच्या वयावरून, मानसशास्त्रवाल्यांनी त्याला काय काय आठवतं त्यावरून. आकडे जुळेनात. शेवटी प्रत्येकानं आपापल्या कागदावर आपापलं वय लिहिलं आणि एकमेकांच्या कागदात डोकावायचं नाही असं ठरलं.

मानसशास्त्रवाल्यांनी विचारलं, कधी एकटं वाटतं का. भाऊ म्हणाला, पाळीवर तर मी एकटाच असतो, तिथं दुसऱ्याचं काय काम आहे. त्यांनी मान हलवली आणि लिहिलं, 'एकाकी'. मी ते वाचलं, हसलो, आणि गप्प बसलो. साहेबांच्या कागदावर मास्तरानं काय बोलायचं.

पुढचे प्रश्न मात्र मी शब्दाला शब्द लावून, खड्या आवाजात विचारले. डॉक्टर म्हणाले, 'या वयात अजून उन्हात पाळीवर फिरता?' समाजशास्त्रवाले म्हणाले, 'मुलगा हाताशी असताना फावडं तुम्ही चालवता?' आणि बाईंनी अगदी कौतुकानं विचारलं, 'हा घरी कांडलेला, कोंड्यासकटचा लाल भातच रोज खाता?' भाऊ तिन्हीला हो म्हणाला. त्याचा मुलगा खांबाला टेकून उभा होता. त्याचा चेहरा उतरत चालला होता, आणि तो का उतरतोय हे मला त्याच क्षणी कळायला पाहिजे होतं.

कारण जंगलाच्या कडेच्या त्या गावात विचारणं म्हणजे मनाई. सरकार तिथं हुकूम देतच नव्हतं, फक्त विचारायचं. जंगलाचा नाकेदार यायचा आणि म्हणायचा, 'काय रे, जळतण नेतोस का?' शहाण्या माणसानं समजायचं की उद्यापासून न्यायचं नाही. 'ही कुऱ्हाड तुझी का?' म्हणजे ती दिसली तर खैर नाही. भाऊच्या मुलानं एकदा हे न समजून 'हो जी, माहीच हाय' असं खरं उत्तर दिलं होतं, तर त्याला दोन दिवस नाक्यावर उकिडवा बसवून ठेवला होता. तेव्हापासून पायात बूट असलेल्या माणसानं काही विचारलं की तो बिचारा ती गोष्टच सोडून द्यायचा. आणि इथं तर चार-चार साहेब, जीप घेऊन, कागदावर लिहून घेऊन, त्याच्या बापाला विचारत होते की तू फावडं चालवतोस का.

जीप गेली त्याच दुपारी मुलानं फावडं छपराच्या वाशात खोचलं आणि छपरीत खाट टाकून बापाला तीवर बसवलं. कोंड्यासकटचा भात बंद झाला. मुलगा चामोर्शीच्या बाजारात जाऊन गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ घेऊन आला. सून आपला लालच भात खायची, कारण तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ शाळेत आला. पोरं पाढे म्हणत होती. तो दाराशी उभा राहिला, आत आला नाही.

'गुरुजी, दसऱ्याच्या वक्ताले त मले पाळीवर जाऊ देतीन ना?'

दसऱ्याच्या सुमारालाच धानाला तलावाचं पाणी लागतं. तो बाकी काही मागत नव्हता. उन्हाळा, पावसाळा खाटेवर काढायची त्याची तयारी होती, पण पाण्याच्या दिवसांत त्याला पाळ पाहिजे होती. मला तेव्हाच सांगता आलं असतं की भाऊ, ते विचारणं नुसतं विचारणं होतं, घरी जा आणि वाशातलं फावडं काढ. मी काय म्हटलं? 'आराम करा भाऊ. दसरा लांब आहे.' तोंडात साखर घोळवून म्हटलं. तो मान डोलावून गेला, आणि मी पोरांना सतराचा पाढा पुढे म्हणायला लावला.

आठ दिवसांत सगळं गाव सुधारलं. ज्या ज्या म्हाताऱ्याला साहेबांनी विचारलं होतं, तो तो खाटेवर. कुणाची दोरी वळणं बंद, कुणाचं ढोरांमागं जाणं बंद. घराघरासमोर एकेक म्हातारं अंथरुणावर मांडून ठेवलेलं. गावातून जाताना वाटायचं की साथ आली आहे. चैत्रात मोहफुलं पडायला लागली तेव्हा म्हाताऱ्या बाया टोपली लुगड्याखाली दडवून, मागच्या वाटेनं, सुनांची नजर चुकवून जंगलात जायच्या. आयुष्यभर नाकेदाराला चुकवण्यात गेलं, आता घरच्यांना चुकवायचं. एक बाई मला वाटेत भेटली तर हात जोडून म्हणाली, गुरुजी, त्या साहेबाईले सांगू नोका.

आणि मी? मला हे फार आवडलं. खरंच सांगतो, आवडलं. पोरं बापाची सेवा करताहेत, सुना सासऱ्यांना आयतं ताट देताहेत, याहून पुण्याचं दृश्य कोणतं! मी वर्गात वडीलधाऱ्यांच्या सेवेवर एक भाषण ठोकलं. साहेबांना पत्र लिहिलं की आपल्या नुसत्या पायगुणानं गावात केवढा पालट झालाय. त्यांचं उत्तर आलं: छान, असेच निरीक्षण करत राहा, मात्र मधे पडू नका, नाहीतर निष्कर्ष बिघडतील. निष्कर्ष बिघडू नयेत म्हणून मी मोठ्या निष्ठेनं गप्प राहिलो. चांद्याची बदली मला स्वप्नात दिसत होती. म्हातारा मला रोज जाता-येता दिसत होता, पण तो काय, खाटेवर बसलेला होता. बसलेल्या माणसाला काय होतंय?

आषाढात तलाव भरायला लागला तेव्हा तो खाटेवरून ओरडून मुलाला सांगायचा, पाट डावीकडं खचून राह्यला, माती टाक. पाण्याचा आवाज त्याला घरात बसून ऐकू यायचा. मुलगा घाबरा होऊन म्हणायचा, बा, हळू बोल, कोणी आयकन. श्रावणात त्यानं ओरडणं सोडलं. भाद्रपदात बोलणंच सोडलं. पोट सुटलं होतं, चेहरा गोल झाला होता, आणि पाय सुजून खांबासारखे दिसत होते. उठला की भिंतीला धरून धरून दारापर्यंत जायचा आणि तिथंच बसायचा. पायाले मुंग्या येतात म्हणायचा, मग म्हणायला लागला की मुंग्याही येत नाहीत. कोंड्यात काय असतं आणि नुसत्या पांढऱ्या भातावर माणूस ठेवला की त्याचे पाय कसे सुजतात, बधिर होतात, ते मला कितीतरी वर्षांनी एका डॉक्टरनं समजावून सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की भाऊ बसून बसून चालला. आणि एवढं दिसायलाही मला भाद्रपद उजाडावा लागला, याची आजही लाज वाटते.

मग मात्र मी मुलाला गाठलं. म्हटलं, अरे, त्यांनी मना केलं नव्हतं, फक्त विचारलं होतं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला लहान लेकरू समजतोय.

'गुरुजी, तुमी सांगता ते खरंच आसन. पण इचारनारे तुमी नोयते. ज्याईनं इचारलं त्याईचा कागद आना, मंग मी फावडं काढतो.'

त्याचं म्हणणं कायद्याला धरूनच होतं. बापावर त्याचा जीव होता, म्हणूनच तर त्यानं बापाला खाटेला बांधला होता.

भाद्रपद सरायच्या आधीच त्या वर्षी पावसानं दगा दिला. आभाळ स्वच्छ, धान पोटरीत, आणि पाणकर म्हणून भाऊचा मुलगा. शेवटची बांधी त्याचीच, म्हणजे पद्धतीप्रमाणे हक्काचा पाणकर, पण तो बिचारा कुणालाच नाही म्हणू शकायचा नाही. पाटील म्हणाला, पाणी आणखी एक दिवस माझ्याकडे राहू दे, की राहिलं. पाटलाचा धाकटा भाऊ म्हणाला, की त्याच्याकडेही राहिलं. पाणी पाटाच्या निम्म्यावर येऊन तिथंच मुरायला लागलं. खालच्या बांध्यांना भेगा पडल्या. बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बाकी होत्या. धान आणखी दहा-बारा दिवस तहानलेलं राहिलं असतं तर निम्म्या गावाच्या घरात पळंज, म्हणजे दाण्याविना नुसती फोलं, आलं असतं. भाऊ हे सगळं खाटेवरून ऐकत होता आणि भिंतीकडे तोंड करून पडत होता. जेवायला उठवलं तरी उठेना. सून माझ्याकडे येऊन रडली, म्हणाली, मामंजी आता काई राह्यत नाई गुरुजी.

आणि नेमकी तेव्हाच जीप आली.

साहेब आठ-नऊ महिन्यांतला फरक बघायला आले होते. फरक बघून त्यांना काय आनंद झाला! डॉक्टरांनी भाऊचं वजन केलं: वाढलं. पायाची सूज? वयोमानानं येतेच. समाजशास्त्रवाल्यांनी मुलाला विचारलं, वडील काम करतात का, आणि मुलगा हात जोडून म्हणाला, नाई जी, एक काडी उचलू देत नाई. त्यांनी मुलाच्या पाठीवर शाबासकी दिली. मानसशास्त्रवाल्यांनी भाऊला विचारलं, काही तक्रार आहे का. भाऊ बोललाच नाही. त्यांनी लिहिलं, 'तक्रार नाही, वृत्ती शांत.' मागच्या खेपेचं 'एकाकी' खोडलं, कारण आता भोवती सगळं घर होतं.

मला राहवलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी खुर्चीवरून उठलो आणि सगळं सांगून टाकलं: नाकेदार, विचारणं, फावडं, तांदूळ, पाणी, सगळं. म्हटलं, फक्त एक ओळ लिहून द्या, या माणसाला पाळीवर जायला आमची हरकत नाही. ऐकून त्या आहाराच्या बाईंचा चेहरा पडला, एवढं त्यांच्या बाजूनं सांगतो. त्या म्हणाल्या, अहो, मी तर कौतुक केलं होतं हो. पण ओळ कुणी लिहायची? डॉक्टर म्हणाले, काम करावं की नाही हा समाजशास्त्राचा प्रश्न. समाजशास्त्रवाले म्हणाले, इच्छा आहे की नाही हा मानसशास्त्राचा. मानसशास्त्रवाले म्हणाले, इच्छा असली तरी शरीर झेपेल का ते डॉक्टरांनी सांगावं. बाई म्हणाल्या, आधी भात बदला. आणि चौघंही म्हणाले की लेखी द्यायचं तर चौघांच्या सह्या लागतील, त्यासाठी नागपुरात बैठक घ्यावी लागेल, ती दिवाळीनंतर. मग समाजशास्त्रवाल्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. माझं वाचायचं कसब तोवर चांगलं झालं होतं. उलटं अक्षरही वाचता यायचं. 'स्थानिक शिक्षक भावनाप्रधान आहे.' बदली गेली, एवढं मला कळलं. बाईंनी तेवढं जाता जाता सुनेला सांगितलं की आता लालच भात दे, आणि ते तरी त्या घरात हुकूम म्हणून ऐकलं गेलं. पण तोवर पुष्कळ उशीर झाला होता.

जीपची धूळ खाली बसली, आणि मी शाळेत येऊन नोकरीतला पहिला आणि शेवटचा गुन्हा केला. हजेरीचा कोरा कागद घेतला, लाल शाई काढली आणि झोकदार अक्षरात लिहिलं: 'सदरहू पाणकर यांची रीतसर तपासणी झाली असून त्यांनी पूर्ववत पाळीवर जावे. कोणीही अडवू नये.' खाली चार जणांच्या चार वेगवेगळ्या, कुणालाही वाचता येणार नाहीत अशा सह्या ठोकल्या. चार शास्त्रांचं एकमत मी एकट्यानं, बसल्या बैठकीत, घडवून आणलं. वर शाळेचा गोल शिक्का मारला. शिक्का पुसट उमटला, ते बरंच झालं.

भाऊच्या छपरीत जाऊन मी तो कागद मोठ्यानं वाचला. मुलानं तो दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला आणि तसाच उठून वाशातलं फावडं काढलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तो धावत पाटलाला कागद दाखवायला गेला. भाऊ भिंतीकडचं तोंड वळवून माझ्याकडे बघत होता. कितीतरी दिवसांनी तो बोलला.

'मुदत किती हाय?'

म्हटलं, मुदत नाही भाऊ, कायमचा आहे.

तो हसला. 'बांबूच्या पासाले मुदत, बैलगाडीच्या पासाले मुदत, आनं याले नाई? खोटा हाय गुरुजी तुमचा कागद.' मग हळूच म्हणाला, 'पोराले सांगू नोका.'

मला वाटलं, जिंकलो. वाटलं आता म्हातारा फावडं खांद्यावर टाकेल आणि टणाटण पाळ चढेल. तो उठला, दाराशी गेला, अंगणात उतरला आणि पडला. पायांत जीवच नव्हता. मी एका बाजूनं धरलं, मुलगा परत आल्यावर त्यानं दुसऱ्या बाजूनं. तीनदा बसत, पाळीच्या चढावर पार फरफटत, आम्ही त्याला वर नेलं. जी फेरी तो पोरांचे पाढे संपायच्या आत मारून यायचा, तिच्या पहिल्या दहा पावलांतच दुपार झाली. पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली त्याला टेकवून बसवलं आणि मुलानं फावडं त्याच्या हातात दिलं. तो धापा टाकत होता, पण मान ताठ. खालच्या बांध्यांवरून त्यानं एकदा नजर फिरवली. मग मुलाला म्हणाला, जाय, पाटलाकडचं तोंड बुजव, कोणी काई म्हणलं त म्हण, बानं सांगतलं. मुलगा गेला. आम्ही दोघंच उरलो.

'गुरुजी, तुमाले ठाऊक होतं ना, का त्याईचं इचारनं नुसतं इचारनं होतं?'

मी हो म्हटलं.

'कवापासून?'

'तुम्ही शाळेत आलात त्या दिवसापासून.'

तो रागावला असता तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाला, 'तवाच सांगतलं असतं त हे पाय माह्ये राह्यले असते.' मग आपल्या हातातलं फावडं त्यानं माझ्यापुढे धरलं. 'आता तुमीच चाला माह्यासाठी.'

मी चाललो. शाळेला सुट्टी दिली, धोतर खोचलं आणि नऊ दिवस तो पाळीवरून सांगेल तसा पाटाच्या काठानं अनवाणी धावलो. मुलगा एका अंगाला, मी दुसऱ्या. मी ओंजळीत माती आणायचो, तो दोन बोटांत चोळायचा आणि सांगायचा. मला फावडं धरता येत नाही यावरून त्यानं मला ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत, पण त्या ऐकताना मला बरं वाटत होतं. पाटील एकदा तोंड उघडायला गेला, तर भाऊनं पाळीवरून असा आवाज दिला की पाटील मुकाट्यानं आपल्या बांधीचं तोंड बुजवून घरी गेला. आवाज तेवढा जुना होता.

दहाव्या दिवशी पाणी शेवटच्या बांधीत शिरलं, भाऊच्या स्वतःच्या. मी धावत जाऊन त्याला सांगितलं. किती चढलं, त्यानं विचारलं. घोट्यापर्यंत, मी म्हटलं. मले नेऊन दाखवा, तो म्हणाला. चार जणांनी खाट उचलली आणि आम्ही त्याला बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे काठावर, नेऊन ठेवलं. वरच्या बांध्यांत धानाची पानं हिरवीगार सुटली होती. त्यानं हातांनी उचलून आधी एक पाय पाण्यात सोडला, मग दुसरा. मुलगा आनंदानं रडत होता. भाऊ आपल्या पायांकडे बराच वेळ बघत बसला, मग मला जवळ बोलावून अगदी हळू, मुलाला ऐकू जाणार नाही असं विचारलं, 'गुरुजी, पानी थंड हाय का?'